नाचबंगल्याची भिंत

१

चुना उचलायचा असतो, खरवडायचा नसतो. पातं भिंतीला जवळजवळ आडवं धरायचं, थराच्या कडेखाली अलगद सरकवायचं आणि पापुद्रा आपण होऊन सुटेपर्यंत थांबायचं. सौदामिनीनं अर्धं आयुष्य हेच केलं होतं. देवळांच्या, गढ्यांच्या, एकदा तर एका बंद पडलेल्या दवाखान्याच्या भिंतीवरचा चुना उतरवून खालची चित्रं तिनं उजेडात आणली होती. दर वेळी नाव मात्र लागलं ते ज्यांच्याकडं ती नोकरीला होती त्यांचं. दिवाळीनंतर तिनं ती नोकरी सोडली, भोरला वडिलांकडं राहायला आली आणि स्वतःच्या नावावर पहिलं काम घेतलं.

सकाळी भोरहून गाडी काढायची. चेलाडी फाट्यावर प्रगती उभी असायची. प्रगती तिची सहकारी, वरवे बुद्रुकची, चित्रकलेचा डिप्लोमा केलेली, बोलायला मोकळी आणि हाताला हलकी. पुढं नसरापूर, वेल्हे, तिथल्या बाजारात एक चहा, आणि मग खडबडीत रस्त्यानं वर पठारावर. समोर तोरणा, आणि पठाराच्या टोकाला ती लांबट पांढरी इमारत.

दाराच्या कमानीवर इंग्रजी अक्षरांत ‘हॉटेल ओरियाना’ असं कोरलेलं होतं आणि खाली १९३१ साल. वेल्ह्यात मात्र सगळे तिला नाचबंगला म्हणत. दोन महायुद्धांच्या मधल्या त्या चैनीच्या वर्षांत मुंबईचे साहेब, लहानसहान संस्थानिक, सिनेमातल्या नट्या मोटारींतून इथं येत, बर्फ घातलेली पेयं पीत आणि नाचत. पुढं हॉटेल बंद पडलं, नाचाच्या दालनात कुणीतरी धान्य साठवलं आणि चित्रांच्या भिंतीवर चुना फासला.

“ताई,” एका सकाळी भिंतीलगतच्या उंच परांचीवरून प्रगती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. “पाठ आहे. बाईची उघडी पाठ.”

सौदामिनी धावतच वर चढली. चुन्याच्या भगदाडातून एक मोतिया रंगाची पाठ त्यांच्याकडं बघत होती, त्वचेखालून दिवा लावल्यासारखी. खाली हिरव्या रेशमी झग्याची कड. असं काम तिनं या भागात कुठंच पाहिलं नव्हतं. त्या रात्री तिला आनंदानं झोप लागली नाही.

२

आठवड्याभरात बाई पूर्ण उघडी झाली. आखूड कापलेले केस, कानात लोंबता हिऱ्याचा डूल, नाचताना किंचित वळलेली मान. पाठोपाठ टेलकोट घातलेला एक पुरुष, मग फेटा बांधलेला एक राजा, मग पदर खांद्यावरून मागं टाकलेली एक पारशीण. सगळे नाचत होते. रंग असे ताजे, की बोट लावलं तर बोटाला येतील असं वाटावं.

पण जोड्या नव्हत्या.

आधी सौदामिनीला वाटलं, जोडीदाराचा भाग अजून चुन्याखाली असेल. चुना गेला. तिथं जमिनीच्या सागवानी फळ्या रंगवलेल्या होत्या, मागच्या टेबलावरचे पेले होते, पडद्याच्या चुण्या होत्या. सगळं नीट, मनापासून पूर्ण केलेलं. प्रत्येकानं एक हात वर उचललेला, दुसरा हात कुणाच्या तरी खांद्यावर ठेवावा तसा हवेत ठेवलेला, आणि त्या हाताखाली कुणी नाही.

“चित्र अर्धंच सोडलंय बहुतेक,” प्रगती म्हणाली.

“अर्धं सोडलं असतं तर मागची जमीन रंगवली नसती.”

सौदामिनीनं भिंग घेतलं आणि हिरव्या झग्यातल्या बाईच्या पाठीवरून हळूहळू फिरवलं. कमरेच्या जरा वर कातडी दबलेली होती. चित्रकारानं चार लहान सावल्या टाकल्या होत्या, एकीशेजारी एक, आणि त्यांच्या कडेनं दाबामुळं आलेली फिकट लाली.

बोटं रंगवली नव्हती. बोटांचा दाब रंगवला होता.

“बाप रे, काय डोकं असेल त्याचं,” सौदामिनी म्हणाली आणि तिनं भिंग पुन्हा त्या सावल्यांवर नेलं. असा चित्रकार, आणि त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही. तिला ठाऊक होणार होतं.

३

इमारत विकत घेतली होती प्रद्युम्ननं. पुण्याचा, चाळिशीचा, कायम पुढच्या कामाच्या घाईत असलेला माणूस. त्याला इथं पुन्हा आलिशान हॉटेल उभं करायचं होतं. नकाशात ही भिंत पाडून तिथं अखंड काच येणार होती. आतून थेट तोरणा दिसला पाहिजे, असं त्याचं म्हणणं.

सौदामिनीनं त्याला भिंतीसमोर उभं केलं. तो बराच वेळ बघत राहिला.

“हे लोक कुणाबरोबर नाचतायत?” त्यानं विचारलं.

“तेच तर,” ती म्हणाली. “पाहुणे पहिल्या दिवशी हेच विचारतील. आणि दुसऱ्या दिवशी परत बघायला येतील.”

प्रद्युम्न हसला. “मला तुम्ही पटवलंत. पण पैसे लावणारी मुंबईची मंडळी शनिवारी दुपारी येतायत. त्यांना पटलं तर भिंत राहील. नाही पटलं तर सोमवारी पाडकामवाले येतील. माझ्या हातात तेवढंच आहे.”

भिंत पडली तर सौदामिनीचं पहिलं काम धुळीत जाणार होतं. त्या दिवसापासून दोघींनी जेवायची सुट्टीसुद्धा कमी केली.

घरी अण्णा, तिचे वडील, रोज सगळं ऐकून घ्यायचे. कोर्टातली नोकरी संपल्यापासून त्यांना बोलायला माणूस हवं असायचं. तिच्या तोंडावरचा उजेड बघून तेही खूश होते.

“तिथं कुणी बरी माणसं भेटतात का गं?” ते हळूच विचारायचे. या प्रश्नाचा अर्थ काय, हे दोघांनाही ठाऊक होतं.

“भेटतात ना. सगळी भिंतीवरची,” ती म्हणायची.

४

पठाराखालच्या वस्तीवरची ठकुबाई दुपारी शेरडं घेऊन वर यायची. उन्हाचा कडाका वाढला, की शेरडं व्हरांड्यात सावलीला बसत. दालनाचं दार सताड उघडं, आतली लाकडी जमीन गारेगार, पण एकही शेरडू उंबऱ्याच्या आत पाय टाकत नसे. एक करडू खेळता खेळता दारापर्यंत गेलं आणि तिथंच पाय रोवून उभं राहिलं, हे सौदामिनीनं स्वतः पाहिलं.

“लाकडाला पॉलिशचा वास येतोय, म्हणून,” ती प्रगतीला म्हणाली.

ठकुबाईनं ते ऐकलं. “पोरी, तुजं लगीन झालंय का?”

“नाही.”

“आन् हिचं?”

“माझंबी न्हाई, आज्जी,” प्रगती हसत म्हणाली.

“मग आत जाताना जोडीनं जावा. मधोमध एकटीनं हुबं ऱ्हाऊ नगा.”

“का हो?” सौदामिनीनं विचारलं.

“का ते म्या कुठं इचारलं? माज्या सासूनं सांगितलं, म्या ऐकलं.” ठकुबाईनं काठी उचलली. “लई वरसं झाली, म्या आत बघितलंसुदिक न्हाई.”

तिनं शेरडं हाकली आणि निघून गेली. तिला आणखी विचारायला हवं होतं, असं सौदामिनीला नंतर वाटलं. पण फेट्यातल्या राजाचा चेहरा तेव्हा नुकता उघडत होता, आणि तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

५

दालनाची जमीन साधी नव्हती. प्रद्युम्नच्या सुतारानं एक फळी काढून खालचं दाखवलं होतं. फळ्यांखाली लोखंडी स्प्रिंगा होत्या, ओळीनं, शेकड्यांनी. नाचणाऱ्यांच्या पायाला शीण येऊ नये म्हणून तेव्हाच्या बड्या हॉटेलांत अशी जमीन करत. एका टोकाला माणूस चालला, तर दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्याच्या तळव्याला ते कळायचं.

बुधवारी दुपारी प्रगती गाडीतून कापसाची पिशवी आणायला गेली होती. सौदामिनी परांचीवर एकटी होती. शेजारी पाण्याचं पसरट भांडं. पातं बुडवायला तिनं हात पुढं केला आणि तसाच ठेवला.

पाण्यावर वलयं उठत होती. एक मोठं, पाठोपाठ दोन लहान. क्षणभर थांबून पुन्हा एक मोठं, दोन लहान.

जनरेटर, तिनं स्वतःला सांगितलं. मग आठवलं, जनरेटर सकाळपासून बंद आहे. रस्त्यावरचा ट्रक असेल. पण पठारावर येणारा रस्ता परांचीवरून खिडकीतून पूर्ण दिसत होता आणि तो रिकामा होता. वाऱ्यानं इमारत हलत असेल. झाडाचं पान हलत नव्हतं.

तिनं खाली पाहिलं. दुपारचं स्वच्छ ऊन जमिनीवर पसरलेलं. सागवानाच्या फळ्या चकाकत होत्या. दालनाच्या मधोमध त्या किंचित खाली जात होत्या आणि वर येत होत्या. एक खोल, दोन उथळ. जिथं फळ्या दबत, त्या जागा एका मोठ्या गोलात पुढं पुढं सरकत होत्या, सावकाश, परांचीच्या दिशेनं.

“ताई, पिशवी सापडली,” दारातून प्रगती म्हणाली आणि आत आली.

जमीन थांबली. पाणी सपाट झालं.

“काय झालं?” प्रगतीनं विचारलं.

“काही नाही. तू चालत आलीस ना, त्यानं परांची हलली,” सौदामिनी म्हणाली. हे ती प्रगतीला सांगत नव्हती, स्वतःला सांगत होती, आणि बऱ्यापैकी पटलंही तिला. शनिवार जवळ आला होता.

६

शुक्रवारी सगळे चेहरे मोकळे झाले. दोघी मागं सरकून उभ्या राहिल्या आणि प्रगतीनं आनंदानं तिचा दंड घट्ट धरला. भिंतभर माणसं नाचत होती. प्रत्येक चेहऱ्यावर तेच हसू, ज्याला सगळं मिळालंय त्याचं.

“ताई, यांची नजर बघा,” प्रगती म्हणाली. “सगळे वर बघतायत.”

खरंच होतं. नुसत्या बायका नाहीत, पुरुषही. टेलकोटवाला तर चांगला धिप्पाड होता, तरी त्याची हनुवटी उचललेली होती. सौदामिनीनं दोऱ्याची गुंडी घेतली. दोघींनी मिळून प्रत्येकाच्या डोळ्यांपासून नजरेच्या रोखानं समोरच्या रिकाम्या जागेपर्यंत एक एक दोरा ताणला आणि चिकटपट्टीनं टोक लावलं. मग लांबून पाहिलं. दोऱ्यांची टोकं भिंतीवर एका सरळ रेषेत आली होती, सगळ्यांत उंच माणसाच्या डोक्याच्याही बरीच वर.

“सगळ्यांचे जोडीदार एकाच उंचीचे,” सौदामिनी म्हणाली. तिला भीती वाटली. पण त्या भीतीखाली तीच जुनी हाव होती. हे अजून कुणी पाहिलेलं नाही, मी पहिली.

“एकाच उंचीचे न्हाईत, ताई,” प्रगती हळूच म्हणाली. बोलताना ती भिंतीकडं बघत नव्हती, दालनाच्या मधल्या रिकाम्या जागेकडं बघत होती. “एकच.”

तिच्या ओठांवर हसू होतं. सौदामिनीला ते आवडलं नाही. तिनं दोरे काढले आणि काम लवकर आटोपून दोघी निघाल्या.

७

शनिवारी दुपारी चारला दालन भरलं. मुंबईची मंडळी आली होती, तलम कपड्यांतली, हातात सरबताचे पेले. प्रद्युम्ननं खिडक्यांचे पडदे बाजूला केले आणि ऊन सरळ भिंतीवर पडलं. कुणीतरी श्वास आत ओढल्याचं ऐकू आलं. सौदामिनीनं बोलायला सुरुवात केली. रंग, चुना, ते वैभवाचे दिवस, तो अनामिक चित्रकार. ती आयुष्यात इतकं चांगलं कधी बोलली नव्हती. लोक पुढं सरकत होते, बोटांच्या दाबाजवळ वाकून बघत होते, एकमेकांना बोलावून दाखवत होते.

प्रद्युम्ननं त्या काळच्या बँडचं संगीत स्पीकरवर लावलं. एक ठोका खोल, दोन उथळ.

मागं टाळ्या वाजल्या. तिला वाटलं, आपल्यासाठी. ती वळली.

दालनाच्या मधोमध प्रगती नाचत होती. लोकांनी तिच्याभोवती गोल केला होता. तिचा एक हात वर उचललेला, दुसरा हवेत टेकलेला, डोकं मागं, नजर वर. तिला नाचता येत नाही, हे सौदामिनीला ठाऊक होतं. गणपतीत बायका आग्रह करतात तरी मी कोपऱ्यात बसून राहते, असं प्रगतीच सांगायची. आता ती पाण्यावरून जावं तशी जात होती.

“ही कल्पना कुणाची?” एक बाई कौतुकानं म्हणाल्या. “चित्रच खाली उतरल्यासारखं वाटतंय.”

प्रगती वळली आणि तिची पाठ समोर आली. पिवळ्या सुती कुर्त्याचं कापड कमरेच्या वर आत दबलेलं होतं. चार खळगे, एकाशेजारी एक. ती गिरकी घेत होती तसे ते किंचित सरकत होते, पकड नीट करावी तसे. आणि तिच्या टाचा जमिनीला टेकत नव्हत्या.

सौदामिनी गोल फोडून आत शिरली. पायाखालची जमीन लाटेसारखी उचलत होती. पुढ्यात गारवा होता, भरल्यासारखा, दाट. त्यात हात घालायला तिला सगळं बळ एकवटावं लागलं. तिनं प्रगतीचं मनगट धरलं आणि ओढलं.

मनगट आलं नाही. मग एकदम आलं. हिसका नव्हता, झटापट नव्हती. कुणीतरी अदबीनं हात सोडला होता, पुढच्या माणसासाठी बाजूला व्हावं तसा.

लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. प्रगती तिच्या खांद्यावर कोसळली, आणि त्याच वेळी प्रद्युम्न गर्दीतून वाट काढत आला. त्याचा चेहरा फुलला होता.

“भिंत राहतेय,” तो तिच्या कानाशी म्हणाला. “एकमतानं. शिवाय बाकीच्या खोल्यांचंही काम तुमच्याकडंच. अहो, कुठं निघालात?”

“हिला बरं नाही,” सौदामिनी म्हणाली आणि प्रगतीला घेऊन उन्हात आली.

८

वेल्हे मागं पडलं. सौदामिनीच्या छातीत दोन गोष्टी एकदम धडधडत होत्या आणि त्यांतली भीती कुठली, आनंद कुठला, हे तिला निवडता येत नव्हतं. भिंत राहिली होती. नाव तिचं लागणार होतं. प्रगती खिडकीला डोकं टेकून बसली होती, हातपाय गार, पण शुद्धीवर. नसरापूरला तिनं पाणी प्यायलं, थोडी बिस्किटं खाल्ली.

वरव्यात तिच्या घराच्या गल्लीपाशी सौदामिनीनं गाडी थांबवली. संध्याकाळचं ऊन अजून होतं. दारात प्रगतीची आई धुणं काढत होती. प्रगती उतरली नाही.

“ताई, एक सांगू? रागावू नका.”

“नाही रागावत. बोल.”

“त्यानं मला नाव विचारलं.”

सौदामिनीनं इंजिन बंद केलं. “कुणी?”

प्रगतीनं काचेतून आईकडं पाहिलं. “लई गोड विचारलं. असं कुणी कधी विचारलं न्हाई मला. सांगावंसं वाटत होतं. पण आतून वाटलं, सांगितलं की संपलं. मी घाबरले, ताई.” तिचे डोळे भरून आले. “म्हणून मी तुमचं सांगितलं.”

“माझं नाव सांगितलंस?”

“नाव. आन् राहता कुठं, ते.”

ती उतरली आणि मागं न बघता आईकडं गेली. सौदामिनी तिथंच बसून राहिली. स्टीयरिंगवरचे आपले हात तिला दुसऱ्या कुणाचे तरी वाटले. पोर बिथरलीय, तिनं स्वतःशी म्हटलं. इतक्या लोकांसमोर काहीतरी होऊन गेलं आणि आता त्याला कारण शोधतेय. भिंतीवर रंग आहे, खाली स्प्रिंगा आहेत. कुर्त्याच्या चुण्या पडतात. पटत होतं. जवळजवळ पटलंच होतं.

मोबाईल वाजला. अण्णा होते. तिची आई गेल्यापासून इतका उल्हास त्यांच्या आवाजात तिनं ऐकला नव्हता.

“अगं, आहेस कुठं? तुझ्याकडं पाहुणे आलेत.”

“कोण पाहुणे, अण्णा?”

“नाव काही सांगितलं नाही बघ. पण तुझं नाव घेऊन आले, पूर्ण. काय बोलणं, काय अदब. मी म्हटलं, आत या, बसा. बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडला नाही त्यांनी. हल्ली कुठं बघायला मिळतं हे?”

“अण्णा, तुम्ही बाहेर या. शेजारी जाऊन बसा. आत्ता, चप्पल घाला आणि निघा.”

“आणि पाहुण्यांना एकटं सोडू?” अण्णा हसले. मग फोन जरा लांब धरून कुणाशी तरी दोन शब्द बोलले. पलीकडून काहीच ऐकू आलं नाही, श्वाससुद्धा नाही. पण अण्णा मधूनमधून ‘हो, हो’ म्हणत होते, समोरचा बोलत असल्यासारखे.

तिनं गाडी सुरू केली, गल्लीतच वळवली आणि महामार्गाला लागली, भोरच्या दिशेनं.

“मी येतेय, अण्णा. फोन ठेवू नका. माझ्याशी बोलत राहा.”

“ये, पण सावकाश ये,” अण्णा म्हणाले. “मी सांगितलं त्यांना, पोरीला तासभर लागेल म्हणून. काही हरकत नाही म्हणाले. वाट बघायची सवय आहे म्हणाले. आणि तोवर, काय सांगू तुला, मलाच हात धरून नाचायला उठवतायत.”